झेंडा कोणी चढवला?

यातला एकही शब्द रचलेला नाही. मी तिथे होते. माझी आई तिथे होती. आणि त्या बोटीवरचे निदान शंभर लोक होते.

जानेवारीतला रविवार. दुपारची वेळ. जागा सुरतेजवळच्या हजिऱ्याचा धक्का.

मी जयश्री. आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहतो. वडील पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये आहेत. घरी आम्ही अजून खानदेशातली अहिराणीच बोलतो.

माझा धाकटा भाऊ योगराज तटरक्षक दलात होता. त्याची बोट म्हणजे त्यांच्या ताफ्याची ध्वजनौका. सगळ्यात मोठे साहेब जिच्यावर असतात, ती. साहेब बोटीवर आले की त्यांचा झेंडा डोलकाठीवर चढतो. उतरले की खाली येतो. तो झेंडा चढवायचं काम योगूचं होतं. सुट्टीवर आला की माय सगळ्या गल्लीला हेच सांगायची.

दोन वर्षांपूर्वी वादळात मच्छीमारांची एक होडी बुडत होती. ही बोट मदतीला गेली. योगू दोर बांधून पाण्यात उतरला...

दोर वर आला. योगू आला नाही.

शरीर मिळालं नाही, म्हणून मायने दहावं करू दिलं नाही. रोज संध्याकाळी ती त्याचं ताट वाढायची. वडील ते गायीला घालून यायचे.

त्या रविवारी ती बोट लोकांना बघायला खुली होती. मला जायचं नव्हतं. माय पहाटेपासून लुगडं नेसून बसली होती. पिशवीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घेतलेले. योगूला आवडायचे म्हणून.

बोटीवर गर्दी होती. मुलं तोफेजवळ फोटो काढत होती. योगूबरोबर काम केलेले सुकदेव पाटील आम्हाला भेटले. नाशिककडचे, वयस्कर. त्यांनी वाकून मायला नमस्कार केला.

मायने वर डोलकाठीकडे पाहिलं. "झेंडा कुठे आहे?"

"साहेब आज बोटीवर नाहीत, मावशी. ते नसले की झेंडा नसतो."

माय तिथेच लोखंडावर बसली.

चार वाजता लोकांना उतरायला सांगितलं. माय उठेना. मी हात धरला, तिने सोडवून घेतला.

"मी आठेच ऱ्हासू," बोटीच्या लोखंडावर हात टेकून ती म्हणाली. "त्यानं घर हाईच शे."

मला रडू आवरेना. सुकदेव पाटलांनी तोंड फिरवलं.

आणि मग...

बोटीच्या पोटातली यंत्रांची घरघर थांबली.

मुलं गप्प झाली. तोफेजवळचं एक लहान बाळ रडत होतं, तेही थांबलं. पाणी बोटीला लागत होतं, त्याचाही आवाज येईना.

वर डोलकाठीवर दोरी हलली.

खर्र... खर्र... कोणीतरी सावकाश ओढत असावं तशी.

खाली दोरीजवळ कोणी नव्हतं. मी नीट पाहिलं.

झेंडा वर चढत होता.

बोटीवरचे जवान जागच्या जागी ताठ उभे राहिले. कोणी हुकूम दिला नव्हता. "साहेब नाहीत..." एवढंच सुकदेव पाटील पुटपुटले.

भिंतीवरचा भोंगा खरखरला.

"माय..."

तो योगूचाच आवाज होता. लहानपणापासून ऐकलेला. थंडीने दात वाजत असताना माणूस बोलतो, तसा येत होता.

माय उठून उभी राहिली. "योगू, कोठे शे तू?"

"आठेच शे, माय. तू घर जाय."

"तू चाल ना बरोबर."

भोंगा पुन्हा खरखरला.

"एक जण आजून पाणीमा शे. मी हाका मारस, तो ओ देत नही. त्याले लिसन येसू."

त्याला घेऊन येतो म्हणाला, आणि भोंगा बंद पडला. घरघर सुरू झाली. बाळ रडायला लागलं.

वर पाहिलं. डोलकाठी रिकामी होती.

माय स्वतःहून उतरली. बिबड्यांची पिशवी तिने बोटीवरच ठेवली. धक्क्यावर एक गुजराती बाई माझा हात धरून विचारत होती, "कोण बोल्यु, बेन?" मी हात सोडवून मायच्या मागे गेले.

सुकदेव पाटील पाठोपाठ आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"काका," मी विचारलं, "त्या होडीतला कोणी राहिला होता का?"

"नाही गं पोरी. सगळे वाचले. शेवटच्या माणसाला योगराजनेच वर ढकललं."

"मग पाण्यात कोण आहे?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. उत्तर आम्हा दोघांनाही कळलं होतं.

पाण्यात एकच माणूस राहिला होता. माझा भाऊ स्वतःलाच शोधतोय... आणि त्याला ते माहीत नाही.

मायला मी हे सांगणार नव्हते. पण तिने ऐकलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी ती मला डुमसच्या समुद्रकिनारी घेऊन जाते. लोक भजी खात असतात, घोड्यावर बसत असतात. माय ओहोटीच्या चिखलात घोट्यापर्यंत उतरते आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारते, सगळे वाचले म्हणून सांगते.

"योगू, समदा वाचनात रे राजा. कोनीच नही पाणीमा. घर ये आते."

मी मागे चपला धरून उभी असते. तिला थांबवावं की नाही, मला कळत नाही.

मागच्या रविवारी ती हाक मारता मारता मध्येच थांबली. मान तिरकी करून काहीतरी ऐकत राहिली.

मला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

मायने डोळे पुसले. "त्याले वाटस, मी त्याले फसाडी ऱ्हायनू."