बाजूला केला आहे

ताईचा कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावणं येतं. लोकांचे कॉम्प्युटर साफ करणं हा माझा धंदा, आणि बहिणीकडे तो फुकट करायचा असतो. चहा मिळतो, बोलणी मिळतात, तेवढ्यावर भागतं.

ताई कपडे शिवते. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, त्याला लागून कॉम्प्युटर, समोर एक लाकडी खुर्ची आणि सगळीकडे कापलेली अस्तरं. त्या दुपारी दार उघडताच तिनं नेहमीसारखा माझ्या डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला. लहानपणी जिन्यावरून पडलो तेव्हाची खूण आहे तिथे. रक्त थांबेपर्यंत तिनंच आपल्या फ्रॉकचा घेर दाबून धरला होता.

"खाजते का रे अजून, बारक्या?"

"हवा बदलली की खाजते."

आईवडील गेल्यावर मला बारक्या म्हणणारी ती एकटीच उरली. बाकी जगासाठी मी कॉम्प्युटरवाला. ती नसेल तेव्हा आपलं कसं होणार, हा विचार मी सहसा करत नाही. केला की झोप लागत नाही.

"आलास बाबा. काल 'येतो' म्हणालास, पण मला वाटलं टांग देशील."

"काल? मी फोनच केला नाही काल."

"फोन कुठे! यावरूनच बोललास की." तिनं हनुवटीनं कॉम्प्युटर दाखवला. "रोज दुपारी बोलतोस. पुरे झाली थट्टा."

आवाजाची नक्कल करून लोकांना फसवणारे भामटे मला ठाऊक होते. "काही मागितलं का त्यानं? कुठला नंबर, पासवर्ड?"

"त्यानं म्हणजे कोणी? तूच तर असतोस. जुन्या गोष्टी काढून हसवतोस नुसता." असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

मी पेन ड्राइव्ह लावला. त्यात माझा सफाईचा प्रोग्रॅम असतो. कॉम्प्युटरमध्ये जे काही घुसलं असेल ते तो शोधून उपटून काढतो. लगेच पडद्यावर अँटिव्हायरसची लाल चौकट उमटली. 'धोका आढळला. बाजूला केला आहे.'

यात नवल नव्हतं. घुसखोराला काढायचं तर तो दडून बसतो तिथेच हात घालावा लागतो, आणि राखणदाराला दोघांचे हात सारखेच दिसतात. अशा वेळी आम्ही फाइलचं नाव बदलून बघतो. कधीकधी खपून जातं. मी गंमत म्हणून नाव टाकलं, 'बारक्या'.

चौकट पुन्हा आली.

'बारक्या. धोका आढळला. बाजूला केला आहे.'

मला हसू आलं. "ताई, बघ गं, तुझा कॉम्प्युटर मला ओळखतच नाही!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

ती चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये माझा नेहमीचा, कान तुटलेला मग नव्हता. पाहुण्यांसाठीची कपबशी होती.

"साखर किती घेता?"

घेता. ताईनं मला जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही. टोमणा समजून मी म्हणालो, "रोजचीच घाला, बाईसाहेब."

ती हसली नाही. कप ठेवून दोन पावलं मागे सरली.

मी चौकटीतलं 'परत आणा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. अँटिव्हायरस बंद केला, तरी लाल चौकट जागची हलली नाही.

"राहू द्या आता," ताई म्हणाली. "माझा भाऊ याच कामातला आहे. तो बघेल."

"ताई, अगं मीच..."

"ताई म्हणू नका मला."

मी भुवई तिच्यापुढे केली. "ही बघ. जिना आठवतो? तुझा फ्रॉक आठवतो?"

तिनं चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं. शिवण तपासते तसं, अगदी निरखून. क्षणभर मला वाटलं, सापडलं तिला.

"इथे काहीच नाहीये हो," ती हळूच म्हणाली.

तिनं मशीनवरची कात्री उचलली. माझ्यावर उगारली नाही, नुसती धरली.

ती मला घाबरली होती. ते मला पाहवेना. मी उठलो. निघता निघता कॉम्प्युटरची विजेची वायर तेवढी उपसून बरोबर घेतली. निदान तो भामटा तरी तिच्याशी बोलणार नाही.

माझ्यामागे कडी लागली.

मी वायर हातात धरून पायरीवर उभा राहिलो. बाजूची खिडकी उघडी होती.

"ताई, आज भुवई खाजतेय गं."

आवाज माझा होता.

"हवा बदलली असेल, बारक्या." तिच्या बोलण्यातली भीती पार गेली होती. "ये, बघू."

मी भुवईवरून बोट फिरवलं. कातडी गुळगुळीत होती.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.