एक टोमॅटो कमी

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी आली की दोरी किंचित थरथरायची आणि टोपली क्षणभर अडायची. वारा नसायचा. मे महिन्यात चेन्नईच्या सकाळी पानसुद्धा हलत नाही.

टाळेबंदीपासून तिरुवान्मियूरच्या आमच्या गल्लीतलं कोणी बाजारात जात नव्हतं. भाजीची गाडीच दारात यायची. भाजीवाला तोंड बांधून गप्प बसायचा. स्पीकरवरचा आवाज तेवढा रिकाम्या रस्त्यावर ओरडायचा — तक्काळी, वेंगायम… टोमॅटो, कांदे. मी तिसऱ्या मजल्यावरून टोपली सोडायची, भरली की ओढून घ्यायची, आणि एकेक भाजी साबणाच्या पाण्यात बुडवायची. तेव्हा लक्षात आलं. दर वेळी एक टोमॅटो कमी. त्याच्या जागी कढीपत्त्याची ताजी डहाळी.

आईचा रोज फोन यायचा. "इरा, पुण्याच्या लॅबला नोकरीचं काय कळवलंस? प्रवासाचा पासही मिळतोय."

"उद्या सांगते," मी रोज म्हणायचे.

शेजारच्या कनकामामी तंजावरच्या मराठी. त्यांना खालच्या घराचं विचारलं.

"तिथे कोण्णी नाहीत की गं! आमच्यातलाच तो शेषाद्री नि त्याची बायको गावाकडे अडकलीत. घर बंद आहे."

दुसऱ्या दिवशी मी टोपली मुद्दाम मध्येच थांबवली. बंद झडपेच्या फटीतून एक लांब चिमटा बाहेर आला… सावकाश टोमॅटोंकडे वळला.

"भूत आहात का?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

चिमटा थबकला.

"भुताला टोमॅटो कशाला हो?" आतून पुरुषाचा आवाज आला. "मी शेषाद्रींचा मुलगा, विजयेंद्र. श्रीपेरुंबुदूरला आमच्या कारखान्यात एकाला कोरोना जाला, म्हणून इथे एकटा दार लावून बसलो."

"आणि माझ्या टोपलीत हात घालता?"

"हात नव्हे, चिमटा. उकळलेला! कढीपत्ता कुंडीत आहे, पण टोमॅटोविना सार कसं करू?"

"विचारायचं तरी…"

"विचारलो असतो, तर तुम्ही दोरीच कापला असता."

मी कढीपत्ता दोनदा धुतला. आणि फोडणीत घातला.

मग रोज दोरी थरथरली की खालून विचारणा यायची, "जेवण जालं का?" चेहरा कधीच दिसला नाही. नुसता आवाज, आणि भिंतीतून निघाल्यासारखा तो चिमटा. तरी मी सकाळी केस विंचरू लागले.

"तुम्ही पुण्याला चालला म्हणे," एकदा तो म्हणाला. "मी इथे आहे ते कळल्यावर मामी दाराबाहेरनं सांगितल्या."

मी टोपली वर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी टोपली न थरथरता वर आली. टोमॅटो मोजले. पूर्ण होते. इतके दिवस त्या बंद खिडकीची भीती वाटली नव्हती, तेवढी आता वाटली.

गाडी गेली. गल्लीत कावळाही नव्हता. मी रिकामी टोपली सोडली आणि त्याच्या खिडकीपाशी थांबवली.

"चिमटा हरवला का?"

झडपेमागून आवाज आला —

"तुम्ही गेल्यावर टोपली कुठली? आतापासून सवय मोडून बघतो."

"मोडू नका."

झडप करकरली. या वेळी चिमटा नव्हता… बोटं होती. ती टोपलीला नव्हे, वर दोरीला लागली, आणि त्यांचं वजन माझ्या तळहातापर्यंत आलं.

आईला, लॅबला, स्वतःलाही जे सांगितलं नव्हतं, ते मी कठड्यावरून वाकून मोठ्यानं म्हणाले,

"विजयेंद्र, मी पुण्याला जात नाही. इथेच राहणार आहे."