मी तिला डॉक्टर करून टाकलं

खिडकीची काच बसवताना तळहात चिरला. रुमाल गुंडाळून दवाखाना गाठला. आत ती होती, हातमोजे चढवत. बोटं एकेक करून हलवून दाखवायला लावली. मी विचारलं, डॉक्टर कधी येतील?

तिला सवय असावी. म्हणाली, "मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट. त्यांच्या देखरेखीखाली तपासते, टाके घालते, अडलं की त्यांना बोलावते. चालेल, की थांबायचंय?"

"चालेल."

सहा टाके. तिच्या पापण्यांकडे बघत बसलो, दुखलंच नाही... खोटं कशाला, जाम दुखलं.

ड्रेसिंगला दोन दिवसांआड बोलावलेलं, मी रोज जायचो. ती विचारायची, जखम सुकलीये, मग कशाला येतोस? मी म्हणायचो, खात्री करायला. ती ओठ दाबून हसायची.

टाके निघाले, भेटी सुरूच राहिल्या. तिच्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्याच्या पायरीवर. एका आजोबांच्या पायाची सूज साधी नाही हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं होतं. सांगताना चेहरा असा उजळलेला...

घरी आईला सांगितलं, एक मुलगी आहे, डॉक्टर आहे. चुकून नाही, ठरवून सांगितलं. दादाची बायको वकील, मलाही काहीतरी भारी हवं होतं.

ती घरी आली. मावशीने "डॉक्टरीणबाई" म्हणत गुडघा पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात बघत बसलो. तिने गुडघा नीट तपासला, एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा म्हणाली. मला उघडं पाडलं नाही.

फाटकापाशी थांबली.

"मी डॉक्टर आहे असं तू सांगितलंस त्यांना?"

"अगं, साधारण तेच ना..."

"चार वर्षं घासून मी हे झालेय. मला पुरतं ते. तुला पुरलं नाही."

"आवडतेस तू मला."

"घरी सांगितलीस ती आवडते तुला," म्हणाली, आणि चालू लागली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

आत येऊन आईला खरं सांगून टाकलं. ती कप विसळत होती, थांबली.

"मग आधी बोलायचं ना रे. डॉक्टर म्हणालास, तर आठवडाभर धाकधूक होती मला, आपल्या दोन खोल्यांत कशी राहील ती. पोरगी गोड आहे. बोलाव की परत."

आईला वाटत होतं, अजून बोलावता येईल.