मुलगी कोणत्या खोलीत?

नव्व्याण्णव साली सांगलीत इंटरनेट म्हणजे जिवाला घोर होता. मॉडेम आधी किंचाळायचा, मग लाईन लागायची, आणि पान अर्धंमुर्धं वर चढलं की नेमकी तुटायची. तरीही ज्ञानदानं ही स्पर्धा अंगावर घेतली होती. बुद्धिबळ, सोंगट्या, व्यापार, असल्या पटावरच्या खेळांचे वेडे गावोगाव विखुरलेले. त्यांच्यासाठी दर सोमवारी इंटरनेटवर एक कोडं टाकायचं, त्यांनी मेलनं उत्तर पाठवायचं. मराठी मजकूर, तोही इंग्रजी अक्षरांत, वाचताना डोळे फुटायचे. अंतिम फेरी साताऱ्याला व्हायची होती. ती नीट पार पडली की ज्या केंद्रावरून ती हे सगळं करायची, ते विश्रामबागेतलं इंटरनेट केंद्र ज्ञानदाच्या हाती द्यायचं, असं मालक लालासाहेबांनी कबूल केलं होतं. लालासाहेब मलकापूरचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के. आणि घरी बसून हिची इंजिनिअरिंगची डिग्री गंजत चालली होती.

कोडी रचताना तिची एक खोड होती. खोट्या घराचा नकाशा काढला की कुठंतरी दार चुकतं, म्हणून ती सरळ स्वतःच्याच घराचा पट करायची. या सोमवारचं कोडंही तसंच होतं. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, गच्ची. बाबा, आई, आत्या, मुलगी. एका खोलीत एकच माणूस. वीज गेली तेव्हा कोण कुठं होतं, दिलेल्या सूचनांवरून ओळखा. बाबा म्हणजे तिचा नवरा धवल, आत्या म्हणजे कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहणारी नणंद पूजा, आणि मुलगी म्हणजे तिची दुसरीतली मयूरी. उत्तर अगदी सोपं होतं. मुलगी स्वयंपाकघरात.

बुधवारपर्यंत उत्तरं आली, आणि सगळ्यांनी एकच लिहिलं होतं. मुलगी कोणत्याच खोलीत बसत नाही. साताऱ्याच्या गोपाळकृष्णांनी, म्हणजे गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांनी, तर एकेक खोली घेऊन तसं सिद्धच करून दाखवलं होतं. आता बोला. ज्ञानदानं घरी येऊन ताटात चार माणसांची चार बटणं मांडली आणि सूचना वाचत गेली. रविवारी याच सूचनांनी मुलीचं लहान बटण स्वयंपाकघरात जात होतं. आज ते कुठंच जाईना. पुन्हा पुन्हा मांडून तिनं शेवटी वैतागून ताट सरकवलं.

तेवढ्यात मयूरीची हाक आली. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून अभ्यास करत होती, आणि पूजानं दिवा घालवला होता.

"अगं, आत कोणी दिसलंच नाही मला," पूजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेची रिक्षा मयूरीसमोरून तशीच निघून गेली. संध्याकाळी धवलनं भडंगाच्या पुड्या आणल्या, त्या तीनच.

"माझी?" मयूरीनं विचारलं.

धवल तिच्याकडं बघत राहिला, ओळख लागायला वेळ लागावा तसा. मग कसनुसा हसला. "विसरलोच गं बाळा."

ज्ञानदा त्याच्यावर उखडली. एकुलती एक पोर, तिला विसरतोस कसा? पण रागापेक्षा तिला भीती जास्त वाटत होती, आणि त्या भीतीचं कारण मनात आणायचीही लाज वाटत होती. शिकलीसवरलेली बाई. कोड्यानं कधी कोणाचं काही होतं का?

तरी शुक्रवारी तिनं कोड्यात एक सूचना वाढवलीच. मुलगी स्वयंपाकघरात आहे. म्हणजे उत्तरच सांगून टाकलं. हसं झालं तर झालं, पण पोर कुठंतरी असू दे.

गोपाळकृष्णांचं उत्तर लगोलग आलं. "आपली नवी सूचना खरी मानली, तर बाकीचे तिघं घरात उरत नाहीत. एक तर ती, नाही तर ते. मुलगी वगळावी. कोडं निर्दोष होईल."

शनिवारी मयूरी शाळेतून रडत आली. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि ती "हजर" म्हणाली तरी कोणी वळून पाहिलं नव्हतं. तिला घरी ठेवायची हिंमत होईना. ज्ञानदा तिला घेऊनच केंद्रावर आली. मयूरी शेजारी स्टुलावर बसली, आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

टिंगलीचे मेल साचले होते. बाईंना कोडी जमत नाहीत, साताऱ्याची फेरी रद्द करा. लालासाहेब मागं येऊन उभे राहिले.

"ताई, ह्ये आजच मिटवा. न्हाईतर आपली लय शोभा हुईल."

"मिटत नाही हो. काय करू, डोकं आपटू?"

"आवं, एक माणूस कमी करा की. चार बसत न्हाईत तर तीन ठिवा."

मॉडेम किंचाळला. लाईन लागली, तुटली.

"आई, मी कुठाय त्यात?"

"थांब गं जरा."

लाईन पुन्हा तुटली.

"सांग ना, आई."

"गप बस म्हटलं ना," ती खेकसली. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढी मेहनत, एवढी वाट पाहिलेली, आणि सगळं एका बटणापायी अडलेलं. मुलीच्या नुसत्या दोन ओळी तर होत्या. नंतर परत घालता येतील.

तिनं त्या पुसल्या.

या वेळी लाईन तुटली नाही. पान सरळ वर चढलं. तीन माणसं, चार खोल्या. रिकामी खोली कोणती?

मानेवरचा ओढणीचा ताण सैल झाला. तिला बरं वाटलं.

"झालं?" लालासाहेबांनी विचारलं.

"झालं एकदाचं."

त्यांनी दोन चहा सांगितले. वळताना स्टूल पायात आलं, तसं त्यांनी ते बाजूला केलं. "ह्ये कुणी ठिवलं हितं?"

"काय माहीत," ज्ञानदा म्हणाली.

घरी धवल आणि पूजा टीव्हीपुढं बसले होते. साताऱ्याची फेरी पक्की झाल्याचं तिनं हसत सांगितलं. धवल म्हणाला, आता केंद्र तुझंच. तिघांची पानं घेण्याआधी ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली.

दोरीवर, तिच्या ओढण्यांच्या मध्ये, एक छोटा फ्रॉक वाळत होता. अजून ओलसर होता. साबणाचा वास तिच्या कपड्यांना होता तोच. इमारतीत लहान मुलगी कोणाकडेच नव्हती. वाऱ्यानं कुठून तरी आला असेल.

ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून तिनं तो बाहेर जिन्याच्या कठड्यावर टाकला, आत आली आणि दाराला कडी लावली.