बुटांची टोकं दाराकडे

लॅपटॉप मिट आधी, पियुष. जेवणं झाल्यापासून ऐकतोय, हॉटेल की अपार्टमेंट, हॉटेल की अपार्टमेंट. तुला दार उघडलं की समोर स्कीचा उतार पाहिजे, रुचाला स्वयंपाकघर पाहिजे. घ्या काय घ्यायचं ते. पण अपार्टमेंट घेणार असाल तर आधी उल्काचं ऐकून घ्या. आणि तो मोठा दिवा घालव, डोळ्यांवर येतो.

जगदीश आमच्या बँकेच्या कामावर आला होता, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. उल्का त्याची बायको. जपानात आल्यावर पुढे इथेच निशी-कसाईत, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. बर्फ म्हणजे काय तो फ्रीजरमधला पाहिलेला. २००५ च्या फेब्रुवारीत जोडून सुट्टी आली आणि बर्फाच्या मुलखात, निइगाताकडे स्कीला जायचं ठरलं. मग तुमच्यासारखाच वाद. हॉटेलात जेवण धरलेलं होतं, पण उल्का शाकाहारी आणि तिथलं सूपसुद्धा माशाचं. "तीन दिवस मी लोणच्याशी भात खाणार नाही," म्हणाली. "कुकर घेऊ आणि अपार्टमेंटला जाऊ."

हसू नकोस रुचा, तूही तेच म्हणत होतीस मघाशी.

उल्काची एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जपानला आल्यावर यांना कुणी घर देईना. भाषेसाठी मी बरोबर जायचो. एजंट मालकाला फोन करायचा, भारतीय आहेत म्हणून सांगायचा, आणि फोन ठेवून आमच्यासमोर हातांची फुली करायचा, म्हणजे नाही. एका ठिकाणी तर ही बूट काढून आत गेली होती. मालकीण आली, हिच्याकडे बघितलं आणि दाराकडे हात केला. हिनं वाकून परत बूट घातले. ते जे लागलं तिला, ते कायमचं. पुढे इथलं घर मिळालं, त्या दिवशी ती जगदीशला म्हणाली, "आता मला कुणी घरातून काढून दाखवावंच."

तर अकरा फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी अंधार पडल्यावर पोचले. तेजीच्या दिवसांत बांधलेला उंच टॉवर, आता बहुतेक खिडक्या काळ्या. बाहेर कमरेएवढा बर्फ. आत शिरल्यावर बूट काढायची ती खोलगट जागा, गेनकान, आणि तिथे सेन्सरचा दिवा. माणूस हलला की लागायचा, हलेनासा झाला की विझायचा. यांनी आपल्या पद्धतीनं बूट काढले, टोकं आत, एक इकडे एक तिकडे. उल्कानं लगेच खिचडी टाकली.

कुकरची शिट्टी झाली आणि दारातला दिवा लागला.

उल्का बघायला गेली. कुणी नाही. पण चारही बूट ओळीत लावलेले, टोकं दाराकडे.

"जगदीश, तू केलंस?"

"मी कशाला करू? मी कधी घरी नीट ठेवतो का?"

ते खरंच होतं. तिनं बूट वळवले, टोकं आत. जेवायला बसले. दोन घास झाले नाहीत तोच दारातला दिवा परत लागला. परत टोकं दाराकडे. या वेळी नाड्यासुद्धा सैल करून ठेवलेल्या. पाय घातला की निघता यावं अशा.

जगदीशनं बॅग उचलली. "उल्का, हॉटेलात खोली असेल. चल."

"मी नाही येणार."

"अगं, आपल्याला जा म्हणतंय ते..."

"म्हणू दे की! दारात बूट फिरवून मला घालवणार? मी नाही निघत."

तिनं बूट वळवले आणि समोर मांडी घालून बसली. हातात खिचडीची पळी. जगदीश तिच्या मागे, भिंतीला टेकून. दोघंही हलेनात, तसा दिवा विझला.

अंधार.

बर्फ पडताना आवाज येत नाही, माहितीये ना? काहीच आवाज नाही.

मग कापड घासल्यासारखं... हळूच. कुणीतरी गुडघे टेकून बसतंय असं.

दिवा लागला.

टोकं दाराकडे.

समोर... कुणी नाही.

 उल्का उभी राहिली. पळी रोखली. "ऐक गं बाई. मला घालवणाऱ्या तुझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्या मी. इथे काय दिवे लावतेस? माझ्या घरी ये! तिथून काढून दाखव मला!"

दिवा... विझला.

मग रात्रभर लागलाच नाही. उल्कानं खिचडी गरम करून पोटभर खाल्ली. सुट्टी पुरी करून, पडत-धडपडत स्की करून दोघं परत आले. जगदीशनं ऑफिसात मला सगळं सांगितलं, बायकोचं कोण कौतुक!

 मी कोबेत बरीच वर्षं काढलेली, जुन्या जपानी सरायांत राहिलेलो. म्हटलं, "अरे, ती घालवत नव्हती. इथे पाहुणा आत गेला की घरची बाई गुडघे टेकून त्याचे बूट दाराकडे वळवून ठेवते. निघताना त्याला त्रास नको म्हणून. ती तुमची सरबराई करत होती. आणि उल्कानं तिला घरी बोलावलं."

जगदीशचा चहा तसाच राहिला.

जुलैत त्यांच्याकडे जेवायला गेलो. उकाडा असा की शर्ट अंगाला चिकटलेला. मला दार जगदीशनं उघडलं, नंतर कुणी तिकडे फिरकलं नाही. उल्कानं आग्रहानं वाढलं, त्या रात्रीचा विषय कुणीच काढला नाही. निघायला दारात आलो.

तीन जोड ओळीत. माझे, जगदीशचे, उल्काचे.

सगळी टोकं... दाराकडे.

मी उल्काकडे बघितलं. आता लक्षात येतंय ना, पोरांनो? बूट कोण कुणाचे वळवतं? घरची बाई... पाहुण्यांचे.

उल्का खाली वाकली. माझे तसेच ठेवले. स्वतःचे आणि जगदीशचे उचलून वळवले, टोकं आत. रोजची सवय असल्यासारखं. आणि मोठ्यानं म्हणाली, मला नाही, "हे घर माझं आहे. मी कुठेही जात नाही."

मी बूट घालायला टेकलो. तेव्हा ओळीच्या शेवटी दिसलं. ओलं. हात लावला... बर्फाचं पाणी. भर जुलैत. मधे पांढरा कण अजून विरघळत होता.

दोन पावलांएवढं. शेजारी शेजारी.

टोकं... आत.