नऊ लाल दोरे

टॉर्किलला मी आयुष्यात पहिलं वाक्य बोलले ते असं : "गप्प बस, खोटारड्या!"

खरं तर ते त्याला नव्हतंच. मी आमच्या शेडमध्ये मागावर बसले होते. पाय पायडलवर, कानांवर मोठाले हेडफोन, आणि कानातल्या बोलक्या पुस्तकात एक गृहस्थ दहा दिवसांत सुखी कसं व्हायचं ते शिकवत होते. सातव्या दिवशी म्हणे पहाटे उठून उघड्यावर गार पाण्याने आंघोळ करायची. स्कॉटलंडच्या या लुईस बेटावर, फेब्रुवारीत! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले आणि मान वर केली, तर दारात, ज्या गिरणीसाठी मी घरी विणते तिचा नवा ड्रायव्हर. लोकरीच्या धाग्याचं खोकं छातीशी धरलेलं, केसांतून पाऊस ठिबकतोय आणि तोंड घट्ट मिटलेलं.

मी हेडफोन काढले. "पुस्तकाला म्हणाले ते. बोला ना."

"तुम्हीच गप्प बसायला सांगितलंत," तो म्हणाला. "आमच्या गावात आधी माणसाचं ऐकून घेतात, मग खोटारडा म्हणतात."

काय आवाज होता तो... खोल, सावकाश, कसलीही घाई नसलेला. अजून थोडा ऐकायला मिळावा म्हणून मी उगाच विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

"नेस."

"म्हणजे समुद्रपक्ष्यांची पिल्लं खारवून खाणारे!"

"आणि तुम्ही पुस्तकांशी भांडणाऱ्या. चालायचंच." मग तो हसला. मी शोनाग, तो टॉर्किल. 'अहो-जाहो' दुसऱ्या सोमवारपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

तोही व्हॅन चालवताना दिवसभर पुस्तकंच ऐकायचा. मला गोष्टींची पुस्तकं नकोत, खरी हवीत, हे त्याला कळलं. मग दर सोमवारी धागा उतरवायचा, विणलेलं कापड उचलायचं, आणि मध्ये खोक्यावर बसून माझी मतं ऐकायची, असा शिरस्ताच पडला.

"ते सर्जनचं आत्मचरित्र कसं वाटलं?"

"हुशार माणूस आहे. पण प्रत्येक प्रकरणात रोगी वाचतो आणि याच्या गळ्यात पडून रडतो. मेलेले सगळे गेले कुठे?"

"आणि बटणांचा इतिहास?"

"अठरा तास, टॉर्किल! शेवटी मी माझ्या कार्डिगनकडेसुद्धा रागाने बघायला लागले."

"ध्रुवावर गेलेला तो?"

"कुत्री मारून खाल्ली ते दोन वाक्यांत. स्वतःची दाढी गोठली ते अर्धा तास."

तो पोट धरून हसायचा. म्हणायचा, "कुणाची भीडभाड म्हणून नाही बघ तुला."

पण एका सोमवारी त्याला कापडाच्या कडेला लाल दोरा दिसला. विणताना उभा धागा तुटला आणि वेळेवर दिसला नाही, तर कापडात तेवढी फट पडते. तिथे कडेला लाल दोरा बांधायचा, म्हणजे गिरणीतल्या रफू करणाऱ्या बायकांना ती जागा सापडते. माझ्या कापडाला लाल दोरा? वर्षात एखादा असला तर असला.

"हे कुठलं पुस्तक?" त्याने भुवया उंचावल्या.

"देवमाशांचं," मी म्हटलं, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. "निळा देवमासा खोल बुडी मारतो ना, तेव्हा त्याचं हृदय मिनिटाला दोनदाच ठोका देऊ शकतं. दोनदा! एवढं ते प्रचंड हृदय... एकदा वाजतं, आणि मग सगळा समुद्र थांबून पुढच्या ठोक्याची वाट बघतो. पाय चालत होते माझे, पण डोळे कुठे होते देव जाणे."

त्याने माझं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली.

"देवमासा नाहीस तू," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "नव्वदच्या वर आहेत."

"घड्याळ न बघताच?"

"घड्याळाची गरज नाही पडली." आणि कापड उचलून तो गेला... मी मात्र तासभर रिकामाच माग हाकत होते.

एप्रिलच्या एका शुक्रवारी तो अवेळीच आला. बोलकी पुस्तकं बनवणाऱ्या ग्लासगोच्या एका स्टुडिओला त्याने आवाजाचा नमुना पाठवला होता. त्यांनी दलदलीविषयीचं एक अख्खं पुस्तक त्याच्याकडून वाचून घेतलं होतं आणि आता त्यांना तो तिथे, ग्लासगोलाच हवा होता. निदान दोन वर्षं.

"मी ठरवलेलं नाही," तो म्हणाला. "तू ऐक. चांगलं वाटलं तर जातो. नाही वाटलं तर व्हॅन आहेच. सोमवारी सांग. बाकी सगळे कौतुकच करतात, शोनाग. खरं तू एकटीच बोलतेस."

शनिवारी सकाळी मी माग सुरू केला आणि कानात टॉर्किल बोलायला लागला.

तो सांगत होता की दलदलीतल्या त्या जळाऊ मातीचा, पीटचा, एक मीटर थर साठायला हजारेक वर्षं लागतात. पीट! लहानपणापासून मी ते कापलंय, वाळवलंय, पाठीवर वाहून आणलंय. काल घरी आत्याने शेगडीत टाकलेली ती वीट कधीकाळी शेवाळं होती. त्याच्यावर असाच पाऊस पडत होता, आणि होड्या घेऊन या बेटावर येणारे आमचे पूर्वज अजून जन्मायचे होते. हजार वर्षांवर मी हात शेकले आणि वर त्याच्यावर किटली ठेवली. टॉर्किलच्या आवाजात ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पायाखालची जमीन किती जुनी आहे, किती खोल आहे, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रविवार देवाचा, म्हणून आमच्याकडे माग बंद, फोनही बंद. आत्या चर्चमधून आली की घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. मी उरलेलं पुस्तक गोठ्यात मेंढ्यांमध्ये लपून बसून ऐकलं. संपलं तेव्हा रडत होते. पुस्तक इतकं सुंदर होतं म्हणून, आणि तो जाणार म्हणूनही.

सोमवारी तो दारात उभा राहिला. हसला नाही.

"कसं झालंय?"

"ठीकठाक," मी मागाकडे बघत म्हटलं. "आवाज जरा जड वाटतो. मध्येमध्ये कंटाळा आला."

"कंटाळा?"

"हो... थोडासा."

त्याने वादही घातला नाही. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "कळवून टाकतो त्यांना." मला हवं तेच झालं होतं, आणि मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याने कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेतला. दारापर्यंत गेला आणि थांबला. गठ्ठा परत खाली ठेवला, घडी उलगडली, कडेवरून हात फिरवत मोजायला लागला.

"एक... दोन... तीन..."

दोरे मीच बांधले होते, जुन्या सवयीने. तोंडाला खोटं बोलायला शिकवलं, हातांना सांगायचं राहूनच गेलं.

"नऊ," तो म्हणाला. "देवमाशाला एकच होता, शोनाग."

"धागा खराब होता."

"धागा मी आणला होता."

मी मागावरची कसपटं झटकायला लागले.

"पुन्हा सांग," तो हळूच म्हणाला. "या वेळी खरं."

"खरं?" माझे डोळे भरून आले. "इतकं चांगलं मी कधीच काही ऐकलेलं नाही. तुझा आवाज ऐकताना मला धागेच दिसेनात. आणि मी खोटं बोलले, कारण खरं सांगितलं तर तू जाशील, आणि मला तू हवा आहेस. झालं समाधान? आता जा. हा आवाज व्हॅनमध्ये वाया घालवलास तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!"

"आणि गेलो तर?"

"शनिवारी परत यायला बोट असते ना," मी नाक ओढत म्हटलं.

तो गेला. ते कापड गिरणीने नापास केलं, ते कुणीतरी विकत घेतलं, एवढंच कानावर आलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी स्टॉर्नोवे बंदराच्या धक्क्यावर उभी होते. बोट लागली. टॉर्किल उतरला तो नवा कोट घालून. तो करडा-हिरवा रंग मी लांबूनच ओळखला. जवळ आला तेव्हा फटी दिसल्या, एकही रफू न केलेली. प्रत्येक फटीपाशी एक लाल दोरा.

मी मोजले. "चारच?"

त्याने काखेतलं पुडकं माझ्या हातात दिलं. आत तेच कापड होतं, नीट घडी घातलेलं.

"उरलेले पाच तुझ्या कोटात," तो म्हणाला. मग, माझ्या जिवाला माहीत असलेल्या त्या आवाजात, पहिल्यांदाच जरा अडखळत... "शिंपी माप मागतोय. लग्नाच्या आधी शिवून होईल म्हणतो... म्हणजे, तू हो म्हणालीस तर. तुझं मत काय?"

"कापड सदोष आहे," मी म्हटलं.

"ते माहीत आहे."

"दुरुस्त करायचं नाही," मी म्हटलं, आणि तिथेच, सगळ्या धक्क्यासमोर, त्याच्या कोटात तोंड लपवलं.