नवगावची साळू

मी गेलो होतो तीन नावं आणायला. त्याहून जास्त काही डोक्यात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

साल १९६३, इस्राएलमधला मे महिना. आमची, म्हणजे कोकणातून इथे आलेल्या ज्यूंची, बेने इस्राएल मुलंमुली लग्न नोंदवायला गेली की रब्बींच्या म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीत, ज्यूपण आईकडून येतं म्हणून, आईची आई, तिची आई, तिचीही आई, अशी चौकशी व्हायची. इतर ज्यूंना एवढं खोदून कोणी विचारत नव्हतं. मुंबईच्या वर्तमानपत्रांत तीस वर्षं भांडलो, ते इथे येऊन गप्प बसायला नव्हे. एका मुलीची हकिकत आमच्या मराठी पत्रकात छापायची, तिचा अर्जही भरून द्यायचा, म्हणून लोदहून सकाळची बस धरली आणि दक्षिणेतल्या एका इस्पितळात पोचलो.

मुलगी पनिना. मित्स्पे रामोनची, वय अठरा, हाईम नावाच्या मुलाशी लग्न ठरलेलं. तिचा खालचा जबडा लहानपणापासून पुढे वाढलेला होता. दात दातांवर बसत नसत, कानाजवळचा सांधा घास चावताना अडकायचा. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी हाड कापून जबडा मागे सरकवला होता, आणि हाड जुळेपर्यंत सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले होते. जेवण म्हणजे नळीने गाळलेलं सूप. उलटी झालीच तर तार तोडायला पक्कड उशाशी टांगलेली. बोलणं पाटीवर, तेही हिब्रूत. चार वर्षांची असताना ती इथे आली. मराठी तिला कळायची, बोलता येत नव्हती.

तिची आई डेबोराबाई, मूळची ठाण्याची, खाटेजवळ बसली होती.

“पेपरात लिहाल तर माझं वय घालू नका, नेहेमियाभाऊ.”

“वय नको. तुमच्या आजीचं नाव हवंय.”

“तेच तर नाही ना! आई रिबका. मला जन्म देऊन ती गेली, आत्यानं वाढवलं. आईच्या पलीकडे सगळा काळोख. त्या कचेरीवाल्यालाच विचारा, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय रे बाबा? डोकं खाजवत बसेल.”

पनिनाचे खांदे हलले. तिनं पाटी वर केली. ‘हसवू नका. तारा टोचतात.’

दुपारी दोनला सगळं इस्पितळ निजलं. बाहेर शारव सुटला होता, वाळवंटातला तो गरम वारा, जो आकाश हळदीच्या पाण्यासारखं करून टाकतो. नर्स ओरनानं खिडक्यांच्या फळ्या खाली ओढल्या. आत पिवळा, जाड, संथ अंधार साचला. स्पिरिटचा वास, उकळलेल्या गाजरांचा वास. वाळू फळ्यांवर सरसरत होती, समुद्र मागे जाताना पुळणीवर सरसरतो तशी. डेबोराबाई सूप गाळून आणायला गेल्या. पनिना झोपली होती. मीही पेंगत असेन. पण वही मांडीवर होती आणि पेन हातात होतं.

“लिहितोस ना रे, पोरा?”

मी छप्पन्न वर्षांचा. पोरा म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. आवाज म्हातारीचा, कोकणातला, पाण्याखालून आल्यासारखा... पण शब्द लख्ख. मी पनिनाकडे पाहिलं. डोळे मिटलेले. ओठ किंचित विलग, आणि त्यांच्यामागे तारा जशा होत्या तशा.

“डेबोराची आई रिबका,” आवाज म्हणाला. “रिबकाची आई मिलका, रेवदंड्याची. मिलकाची आई मी... नवगावची साळू.”

पहिली दोन नावं मी लिहिली. तिसऱ्यावर पेन थांबलं. साळू, येसू, काशी, अशी नावं आमच्या घरोघरच्या पणज्यांची होती, हिंदू शेजारणींची असत तशीच. पण कचेरीला हे कोण समजावणार? हे नाव पाहिलं की अर्ज परत आलाच म्हणून समजा. ज्यांनी खोटं लिहिलं त्यांच्यावर मी जन्मभर तुटून पडलो होतो. तरी मी ‘सा’ ठेवला आणि पुढे ‘रा’ लिहिलं. सारा.

आवाज थांबला. मग खाटेवरून हाडात हाड बसल्यासारखं ऐकू आलं... टक्.

डेबोराबाई परतल्या तेव्हा मी सांगितलं, पोरगी झोपेत नावं बोलली.

“तारेतून?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डोक्यावर पदर घेतला. “एलियाहू हनाबी, आपला प्रेषित, पावला. नवसाचा मलिदा करीन हो मी!”

कचेरीनं अर्ज घेतला. लग्नाची तारीखही लागली.

जूनच्या अखेरीस तारा तोडल्या, आणि पनिनाचं तोंड उघडेना. आखडलं असेल, म्हणून डॉक्टरांनी दहा दिवस वाट पाहिली. दातांत लाकडी पट्टी सरकवून पाहिली, तीही आत जाईना. एक्स-रेमध्ये हाड सुरेख जुळलेलं, सांधा मोकळा. रविवारपर्यंत उघडलं नाही तर कानाजवळ कापून सांधाच खोलावा लागेल, असं ते म्हणाले. डेबोराबाईंनी मला बोलावून घेतलं.

पुन्हा दुपार, पुन्हा तो पिवळा अंधार.

“ती नावं तरी वाचून दाखवा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “जन्मात ऐकली नाहीत. तेवढाच धीर.”

मी वही उघडली. “रिबका. मिलका. सारा...”

टक्. पनिनाच्या कानाजवळ. तिनं दोन्ही हातांनी गाल धरले, डोळ्यांतून पाणी आलं.

“पुन्हा वाचू?”

डेबोराबाईंनी मान हलवली. मी वाचलं. पुन्हा त्याच नावावर... टक्.

मग मी सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

“साळू?” डेबोराबाई कुजबुजल्या. “अहो, पण ते नाव दिलं तर लग्न...”

“अडकेल.”

पनिनानं पाटी ओढली. खडू तुटेस्तोवर दाबून लिहिलं. ‘तोंड माझं आहे. खरं नाव लिहा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो. कारकुनानं नाव वाचलं, चष्मा काढला. “हे तर तिकडच्या हिंदू बायकांचं नाव.”

“हे तिचं नाव आहे,” मी म्हणालो. “खोटं होतं ते मी लिहिलं होतं.”

त्यानं तारखेवर रेघ मारली. फाइल चौकशीला गेली.

दुपारी इस्पितळात पोचलो तर पनिना उशीला टेकून पाव चावत होती. सावकाश, डोळे मिटून, कसलीतरी आठवण चघळावी तसा. तोंडात तीन बोटं मावत होती. तारखेचं सांगितलं तेव्हा ती हिब्रूत म्हणाली, “थांबायचं असेल तर हाईम थांबेल.” त्या आवाजात म्हातारी कुठेच नव्हती.

ओरना मात्र छोटा आरसा घेऊन तिच्या दातांमागे बघत होती. “हे काय? काय दिलंत हिला?”

दातांची आतली बाजू, जिथे दोन महिने ब्रशसुद्धा पोचला नव्हता, काळीभोर होती. बोटानं घासून चोपडल्यासारखी. डेबोराबाई वाकल्या, वास घेतला आणि मागे सरकल्या.

“मिशेरी...”

“म्हणजे?”

“भाजलेली तंबाखू,” मी म्हणालो. “कोकणात जुन्या बायका दाताला लावायच्या.”

“मी उभ्या जन्मात हात लावला नाही,” डेबोराबाई म्हणाल्या.

ओरनानं दात घासून पांढरे केले. सकाळी ते पुन्हा काळे होते.

याला आता वर्ष होईल. फाइल चौकशीतच आहे. हाईम थांबला आहे. पनिना रोज उठल्यावर आरशात बघते, दात घासते आणि कामाला जाते. मी तिला मोजून ठेवायला सांगितलं होतं, आणि तिनं ठेवलं आहे. आठवड्याचे सहा दिवस दात काळे असतात. शब्बाथच्या, आम्हा ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी चूल पेटवायची नसते, मिशेरी भाजायची नसते.

शनिवारी सकाळी तिचे दात पांढरे असतात.